शेटेसरांनी ‘बंद’ म्हणायला हवं होतं

डॉ. दिनकर शेटे यांना मी पहिल्यांदा भेटले ती अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या आमच्या सरकारी नेत्र-संशोधन केंद्रात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी. मी आदबीनं ‘गुड मॉर्निंग, डॉक्टर’ म्हटलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, कोल्हापूरकडच्या का? मग आपण दोघांनी इंग्रजीत कशाला झटायचं? तेव्हापासून सर माझ्याशीच नव्हे, तर इथल्या मराठी घरांतल्या मुलांशीसुद्धा मराठीतच बोलत आले आहेत. पोरं इंग्रजीत उत्तरं देतात. सर पुढचा प्रश्न पुन्हा मराठीत विचारतात.

सरांची मराठी बार्शीची, वडिलांच्या कापडदुकानातली. तिथं ‘दुकान बंद केलं’ असं कुणी म्हणत नसे, ते अशुभ. ‘दुकान वाढवलं’ म्हणायचं. सरही संध्याकाळी दिवे मालवताना म्हणायचे, चला, क्लिनिक वाढवू या. मला त्याची गंमत वाटायची.

माझं बाळंतपण झालं तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता. सर आणि वहिनी डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर. लाडू सरांनी स्वतः वळलेले, त्यामुळे बत्त्यानं फोडावे लागले, पण खाल्ले सगळे. अशा आठवणींनी हा लेख सहज भरला असता. सरांनी ते होऊ दिलं नाही. साठीचा गौरव अंक त्यांना नकोच होता. शेवटी तयार झाले ते एकाच अटीवर, की शटडाउनमधला प्रसंग छापायचा. तो लिहिताना मला लाज वाटते आहे, पण अट म्हणजे अट.

वॉशिंग्टनमध्ये पुढाऱ्यांचं बजेटवरून जमेना, सरकारी कचेऱ्यांना टाळं लागलं (हेच ते शटडाउन) आणि आमचंही काम थांबवायचा हुकूम आला. जुन्या पेशंटची औषधं तेवढी सुरू, नवे पेशंट घ्यायचे नाहीत. प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घालणारे ‘आवश्यक’ ठरले, सर ‘अनावश्यक’. पगार नको, फुकट काम करतो, म्हटलं तरी कायद्याला चालत नाही! आवराआवरीला अर्धा दिवस मिळाला, त्यात सरांनी नव्या पेशंटना स्वतः फोन केले. अडीच तासांवरच्या शार्लटच्या विमलकाकू त्यांतल्याच, दुसऱ्याच दिवशी यायच्या होत्या. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा झपाट्यानं अधू होत चाललेला. उरलेली नजर ठरावीक पातळीखाली जायच्या आत उपचार सुरू व्हायला हवे होते. फोन त्यांच्या मुलानं, निखिलनं घेतला. तो इथंच जन्मलेला. सर सवयीनं म्हणाले, "निखिल, उद्यापासून क्लिनिक वाढवलंय रे. आईला सांग, काळजी करू नका म्हणावं."

निखिलला ‘वाढवलं’ म्हणजे मोठं केलं, एवढंच ठाऊक. शटडाउनच्या बातम्या त्यानं ऐकल्या होत्या. त्याला वाटलं, आमचं केंद्र त्यातून सुटलं. ‘ओह ग्रेट, थँक यू काका’ म्हणून त्यानं फोन ठेवला. घाईत सरांना ते खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोर. निखिलचा फोन येताच सर धावले, मीही गेले. आम्हाला आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पार्किंगमध्ये काकू सरांचा हात धरून विचारत होत्या, आत एखादा तरी माणूस असेलच ना?

"ताई, बंद आहे," सर म्हणाले. "मी काल बंदच म्हणायला हवं होतं."

केंद्र उघडलं तोवर काकूंची नजर त्या पातळीखाली गेली होती. नियमाप्रमाणे त्यांना उपचारांना घेता आलं नाही. आम्हाला मात्र घरी बसल्याचा पगार मागाहून मिळाला. मग वाचलं काय, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. वरच्यांच्या भांडणात खालचं दार लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं मी तावातावानं म्हणते. सर तेवढ्यावर स्वतःला सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, दार लावलं दुसऱ्यांनी, पण इतकी वाईट गोष्ट मी गोड करून सांगितली; त्या माणसांना, आमच्यापुरता अपवाद करा, म्हणून भांडायची संधीसुद्धा दिली नाही. केंद्राच्या सभेत, साहेबांसमोर उभं राहून त्यांनी हे सांगितलं आणि यापुढे नवे पेशंटही आवश्यक धरा, अशी मागणी केली. तिचं अजून काही झालेलं नाही. निखिलला वाटतं, आपली मराठी कच्ची म्हणून आईची खेप वाया गेली. सर सवड काढून शार्लटला जातात ते बरंचसं त्याच्या मनातून हे काढायला.

या अंकासाठी मी काकूंना फोन केला. सरांसाठी शुभेच्छा मागितल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांना म्हणावं, खूप जगा, हातपाय धड राहू देत. आणि इतक्यात रिटायर होऊ नका. माझं राहिलं, पण माझ्यामागे किती तरी जण नंबर लावून बसलेत."

सर, आमच्याही शुभेच्छा याच. काकूंनी त्या ताठ मानेनं दिल्या, आम्हाला शरमेनं तेवढं जमत नाही.