निगुडकर सरांचा फळा

रोज सकाळी पावणेआठला गोपाळकाका उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आपल्या क्लासच्या जिन्याखाली उभे राहत. भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर ते खडूने दोन इंग्रजी शब्दप्रयोग लिहीत आणि खाली हिंदीत लिहीत, 'अंतर बताइए', म्हणजे फरक सांगा. मग उरलेला खडू शर्टाच्या खिशात टाकून दोन पावलं मागे सरत आणि वाट बघत. दूधवाला, बँकेतला कुणी, शाळेला निघालेली पोरं, कुणीही उत्तर द्यायला थांबलं की त्यांचा चेहरा उजळे. तो चुकणार याची त्यांना खात्री असे.

एम.ए.ची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. नात्याने काका, सगळ्या उज्जैनसाठी निगुडकर सर.

'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी, 'इन टाइम' म्हणजे वेळ हातची जाण्याआधी. 'ऑन द वे' म्हणजे वाटेवर, 'इन द वे' म्हणजे वाटेत आडवं. 'ॲट द एंड' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या टोकाशी, 'इन द एंड' म्हणजे सरतेशेवटी. अशा अठ्ठेचाळीस जोड्या त्यांनी ऐन तिशीत एका वहीत उतरवल्या होत्या. त्या वहीची झेरॉक्स म्हणजे त्यांचा क्लास. एकोणपन्नासावी जोडी त्यांना कधी सुचली नाही. मुलांनी उभं राहायचं, फरक सांगायचा, खाली बसायचं. पूर्ण वाक्य त्या हॉलमध्ये कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

अंबिका त्यांची जुनी विद्यार्थिनी, रेल्वेतल्या गार्डची मुलगी. अकरावीत असताना तिने एकदा विचारलं होतं, "सर, पण हे बोलायचं कुणाशी?" काकांनी तिला तीन दिवस जिन्यात उभं केलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, जेवताना, मोठ्या चवीने.

खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. एक परदेशी बाई जिन्यापाशी येऊन राम घाटाचा रस्ता विचारत होती. सावकाश, नीट विचारत होती. काकांनी हात उंच केला, "ऑटो, ऑटो" म्हणाले आणि वर हॉलमध्ये निघून गेले. संध्याकाळी काकूला सांगितलं, "फॉरेनची असली म्हणून काय झालं? तिचं 'टू' चुकीच्या जागी होतं."

कुसुमकाकूने मान हलवली. छत्तीस वर्षं ती मान हलवत होती. घरात तिने चुकून इंग्रजी शब्द काढला की ते ताटावरून मान वर करत. "काय म्हणालीस? परत बोल." ती परत बोलत नसे.

मग अंबिकाने तीन दुकानं सोडून स्वतःचा क्लास काढला. तिथे फक्त बोलायचं, चुकत बोलायचं. काकांची मुलं एकेक करत तिकडे सरकली. मे महिन्यात हॉलचे मालक, खालचे नमकीनवाले शेठ, वर आले. "मास्साब, बुरा मत मानना. जुलाई तक देखता हूँ. बैच भर गई तो हॉल आपका, नहीं तो अंबिका मैडम को दे दूँगा. उनको जगह कम पड़ रही है."

काका हसले. "त्या पोरीला? तिला 'इन' आणि 'ॲट' कळत नाही अजून."

जूनमध्ये अंबिकाने फुकट डेमो क्लास ठेवला. आईबापांनी येऊन बघावं, मगच पोरांना घालावं, ही आमच्याकडची आता पद्धतच झाली आहे. काकांनी ठरवलं की सगळ्या पालकांसमोर तिची लायकी दाखवायची. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात लाल पेन लावलं, वही घेतली. मला म्हणाले, "चल, बघ तमाशा." आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

पहिल्या बाकावर कुसुमकाकू होती.

काकांना वाटलं ती माझ्यासाठी आली. मला वाटलं काकांसाठी आली.

अंबिका म्हणाली, "एक मिनट, अपने घर के बारे में. ग़लत बोलो, पर रुको मत." पहिली काकूच उठली. पदर सारखा केला आणि सुरू झाली. "माय हाउस इज इन बॅक ऑफ टॉवर. ऑन मॉर्निंग आय मेक पोहा. माय सिस्टर इज ऑल डे इन फोन." लोक हसले. तीही हसली, थांबली मात्र नाही. "आय ॲम मॅरिड विथ गोपाळजी. ही इज टीचर. इन द होम ऑल्सो टीचर."

सगळे खदखदून हसले. काका उभे राहिले. "मॅरिड टू! ॲट होम! काय चाललंय हे? छत्तीस वर्षं घरात शिकवतोय मी."

काकूने मागे वळून पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता. "अहो, मग तुम्ही बोला ना."

"हाँ सर," अंबिका म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. "एक मिनट. घर के बारे में. आपसे तो हम सब सीखेंगे."

काकांनी वही उघडली, मिटली. "होम," ते म्हणाले. "ॲट होम मीन्स..." घसा खाकरला. "ॲट होम मीन्स..." पालक मान वळवून वाट बघत होते, जिन्याखाली काका रोज बघत तशीच. अंबिकाच्या मोबाइलवर मिनिट सरकत होतं. पुढचं वाक्य बोलायला एखाद्या घराबद्दल सांगावं लागलं असतं, आणि वहीत ते नव्हतं. मिनिट संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वय बघून.

घरी येताना मला म्हणाले, "टाइम कमी दिला तिने."

जुलैत शेठांनी हॉल अंबिकाला दिला. जिन्याखालचा फळा भिंतीत पक्का बसवलेला, तोही तिच्याकडे गेला. ती त्यावर मुलांची नावं लिहिते, रंगीत खडूने. काकूने तिथे आठवड्यातून तीन दिवस जायला सुरुवात केली. काकांनी बाजारातून एक पाटी आणली आणि घराच्या गॅलरीच्या कठड्याला बांधली. रोज पावणेआठला त्यावर दोन शब्दप्रयोग लिहीत, खाली 'अंतर बताइए'. गॅलरी मागच्या बोळावर उघडते. तिकडून कचऱ्याची गाडी जाते. कुणी वर बघत नाही. ते दोन पावलं मागे सरून उभे राहत.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्याची फक्त चूक ऐकत आला, वाक्य कधी ऐकलंच नाही, त्याला पाटीसमोर एकटं उभं बघून मला फक्त जिन्यात उभी असलेली अकरावीतली अंबिका दिसे.

डिसेंबरात एका संध्याकाळी ते गेले, गॅलरीतल्या खुर्चीत, बसल्या बसल्या. काकू साडेपाचला क्लासमधून परतली तेव्हा पाटी कोरी होती आणि तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेले दोन खडू होते. चार वाजता ती दारात चपला घालत होती, तेव्हा त्यांनी मागून सांगितलं होतं, "खडू संपलेत. येताना तिच्याकडून दोन आण. पांढरे. रंगीत नको."