अस्वलासाठी गोळ्या

इस्रायलमध्ये हैफात शिकत असताना मी दुपारी एका लहानशा प्राणिसंग्रहालयात पिंजरे धुवायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठल्याही कामाला नाही म्हणायची मला भीती वाटे.

अस्वलाच्या पिंजऱ्याचं मागचं दार खाऱ्या हवेनं गंजलं होतं. वेल्डिंगसाठी अस्वलाला शेजारच्या पिंजऱ्यात हलवायचं होतं आणि मधल्या वाटेला नुसती जुनी जाळी होती. व्यवस्थापकांनी मला इंग्रजांच्या काळचं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसांचा डबा दिला.

"नुकताच सैन्यातून आलायस. काय भरायचं ते तूच ठरव."

"मी रायफल चालवली आहे, तीही पुठ्ठ्याच्या माणसांवर," मी म्हणालो.

"अस्वल पुठ्ठ्यापेक्षा मोठं आहे. चुकणार नाहीस."

डब्यात दोन प्रकार होते. काही गोळ्या उघड्या शिशाच्या, नखानं ओरखडा उठेल इतक्या मऊ. काहींवर धातूचं कडक कवच. मऊ गोळी चरबीतच चपटी होऊन थांबली तर? कडक गोळी आत जाईल. पण नेम चुकला तर गजावर आपटून कुठेही उडेल. पलीकडे वेल्डर उभा राहणार होता.

त्याच दिवशी मामा आईनं दिलेला जेवणाचा डबा घेऊन वाळवंटातल्या येरुहाम गावाहून थेट प्राणिसंग्रहालयात आला होता. इस्रायलला येण्याआधी, कोकणात तरुणपणी अस्वलानं त्याचा डावा गाल फाडला होता. त्या गालाकडे न बघता बोलायला मी लहानपणीच शिकलो होतो. त्याला दोन्ही काडतुसं दाखवली. त्यानं हात मागे घेतला.

"आमच्याबरोबरच्याकडे ठासणीची बंदूक होती," तो म्हणाला. "छर्रे उडवले. सगळे केसांत नि चरबीत अडकले. ते आलंच."

मी कडक गोळ्या भरल्या. मग घाबरत व्यवस्थापकांना म्हणालो, "वेल्डरला आत्ता बाहेर थांबवा. आणि मला या बाजूला उभं राहू द्या. पलीकडे नुसता मातीचा चढ आहे."

"बरं, प्रोफेसर," ते हसून म्हणाले, पण वेल्डरला बाहेर पाठवलं.

शेजारच्या पिंजऱ्यात मध लावलेला पाव ठेवला होता. दार वर गेलं. अस्वल बाहेर आलं, तपकिरी, थोराड. जाळीपाशी थांबून त्यानं हवा हुंगली आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. जाळी वाकली. त्याचा श्वास माझ्यापर्यंत आला. मी नेम धरला; नळीसमोर कधी त्याची छाती दिसे, कधी मातीचा चढ.

"मार," मामा मागून म्हणाला. "मार रे पोरा, मार!"

बोट चापावर होतं. अस्वलाचं नाक मात्र पावाच्या दिशेनं वळलं होतं. तेवढंच एक मला दिसत होतं, म्हणून मी थांबलो. ते चारी पायांवर आलं, सावकाश पुढे गेलं. त्याच्यामागे शेजारच्या पिंजऱ्याचं दार धाडकन खाली आलं.

काडतुसं बाहेर काढली तेव्हा ती माझ्या तळहातावरच्या घामानं ओली झाली. मामा भिंतीला टेकून बसला होता, तळहात गालावर. मी त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी बस निघता निघता त्यानं खिडकीतून विचारलं, "आमच्या त्या वाळवंटात अस्वलं नाहीत ना रे? तू शिकलेला आहेस, म्हणून विचारतो."

तो तिथे कितीतरी वर्षं राहत होता.

"नाहीत, मामा."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि बस सुटेपर्यंत खिडकीच्या दांडीवरचा त्याचा हात धरून ठेवला.