माझ्या लग्नाच्या कॅसेटची डावी कड

माझ्या धाकट्या भावानं बीडच्या बंगल्यात भिंतभर टीव्ही बसवलाय. इतका स्वच्छ दिसतो, की बातम्या सांगणाऱ्या बाईची पावडर गालावर कुठं कमी पडली तेसुद्धा कळतं. मला असल्या टीव्हीचं काही कौतुक नाही. गेवराईला आमच्या घरी लहान टीव्ही आहे, अन् त्यात तरी बघण्यासारखं काय असतं? पण मागच्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला, "अक्का, तुझ्या लग्नाची कॅसेट सापडली. पेन ड्राइव्हवर करून आनलीय, बघायला ये." मी भाकरीचं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि बीडची गाडी धरली.

लग्न बघायची हौस म्हणून नव्हे हो. स्वतःचं लग्न काय बघायचं, ते तर रोज निभावतेच आहे. मला आई बघायची होती.

आई माझ्या लग्नानंतर काही वर्षांतच काविळीनं गेली. तिचा धड फोटो नाही. बँकेच्या कागदाला लावलेला एक टिकलीएवढा फोटो होता. तो मोठा करताना फोटोवाल्यानं डोळे आपल्या मनाचे काढले, कुणा भलत्याच बाईचे. ती भलतीच बाई फ्रेममध्ये बसली आणि आम्ही तिलाच हार घालत आलो. आबांचे, म्हणजे आमच्या वडलांचे फोटो मात्र घरात मावत नाहीत. सत्कार घेताना, सत्कार करताना, नारळ फोडताना, कुणाच्या तरी मागं हात जोडून उभे असताना. बाईमाणसाचा फोटो काढू नये असं आमच्याकडं कुणी म्हणत नसे, कुणी काढतच नसे. त्यामुळं हलणारी, चालणारी आई जर कुठं उरली असेल, तर ती या एका कॅसेटमध्ये.

ही कॅसेट मी एकदाच बघितली होती. लग्नानंतर पहिल्या सणाला माहेरी आले तेव्हा आबांनी कडा गावाहून भाड्यानं टीव्ही अन् व्हीसीआर आणला होता. अंगणात अख्खं गाव बसलं होतं. त्या दिवशी टीव्हीत आई दिसली का नाही, याकडं माझं लक्षच नव्हतं. ती आत चुलीपाशी होती, सगळ्या गावाचा चहा करत. घरात असलेली आई टीव्हीत कशाला शोधायची?

आता माझ्या लग्नाचं एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं कन्यादान आईनं केलं नाही, चुलता-चुलतीनं केलं. आमच्यात आई-बाप जोडीनं बसतात. आईनं तांब्यातून पाण्याची धार धरायची, ती बापाच्या ओंजळीतून पोरीच्या अन् जावयाच्या हातावर पडते. आई तांब्या घेऊन बसली, आबा ओंजळ धरून बसले, आणि तेवढ्यात आबा उठून गेले. थोड्या वेळानं आईपण उठली. मी मुंडावळ्या लावून मान खाली घालून बसलेली. मला एवढंच कळलं, की तांब्या धरणारा हात बदलला. आईच्या हिरव्या बांगड्यांच्या जागी चुलतीच्या पाटल्या आल्या.

आईला चक्कर आली, असं मला सांगितलं. आबांनी सांगितलं, चुलतीनं सांगितलं, आणि आईला विचारलं तर तिनंही तेच सांगितलं, "उपास व्हता गं, डोळ्यापुढं अंधारी आली." चुलतीनं मग जन्मभर ऐकवलं, "हिचं कन्यादान म्या केलंय." दिवाळीच्या साडीत सुद्धा ते कन्यादान वसूल केलं तिनं.

आणि आबा का उठले होते? तर साहेब आले म्हणून. आमच्या बीड जिल्ह्यात लग्नाला दोन मुहूर्त असतात, एक भटजीचा आणि एक पुढाऱ्याचा, अन् भटजीच्या मुहूर्ताला कुणी विचारत नाही. आबांना तेव्हा कारखान्याच्या निवडणुकीत पॅनलमध्ये नाव पाहिजे होतं, आणि ते नाव तालुक्याच्या साहेबांच्या हातात होतं. साहेबांची वाट बघून बघून दिवस मावळला. भटजी कावले, व्याह्यांकडची माणसं भुकेनं कुरकुरायला लागली, तेव्हा कुठं अक्षता पडल्या. आणि वरातीमागून घोडं म्हणतात तसे साहेब नेमके कन्यादानाच्या वेळी येऊन टपकले.

असो. बीडला पोचले. भावानं पडदे ओढून घेतले, भावजयीनं सरबत दिलं, आणि त्या भिंतभर टीव्हीवर माझं लग्न सुरू झालं.

अगोदर तर मला कुणी ओळखूच येईना. पडदा भरावा म्हणून चित्र ओढून रुंद केलेलं होतं. सगळं वऱ्हाड सुजल्यासारखं दिसत होतं. माझा नवरा, जो तेव्हा वाळलेल्या तुराटीसारखा होता, तो चांगला भरलेला गडी दिसत होता. भावजय हसली, मीपण हसले. कॅसेट जुनी, टीव्ही नवा, त्यामुळं चित्र सुधारायचं सोडून उलट बिघडलं होतं. रंग एकमेकांत उतरलेले, कुंकू कपाळ सोडून शेजारी सांडलेलं. छोट्या टीव्हीत जे खपून गेलं होतं ते इथं उघडं पडत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडावी माणसानं?

भाऊ माझ्यासारखा बघत नव्हता. तो हातात मोबाईल धरून कुठला तुकडा घ्यायचा ते ठरवत होता. आबांचं पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं होतं. कीर्तन होतं, पंगत होती, आणि मोठ्या एलईडी पडद्यावर आबांच्या कार्याची फिल्म दाखवायची होती. भावाला स्वतःला यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. बाप तसा बेटा, मी काय सांगू.

हळद झाली, अक्षता झाल्या. अक्षतांच्या वेळी आई दिसणार नव्हतीच, ती रिवाजाप्रमाणं आत तुळशीला पाणी घालत होती. मी कन्यादानाची वाट बघत होते. आलं कन्यादान. मी दिसले, नवरा दिसला, आबांची ओंजळ दिसली, आणि वरून तांब्या धरलेला एक हात आला. हिरव्या बांगड्या. मी पुढं सरकून बसले. अन् तेवढ्यात सगळा अंधार.

त्या काळी शूटिंगवाल्याबरोबर लाइट धरणारा एक माणूस असे. लाइट एकच. तो जाईल तिकडं कॅमेरा जायचा, बाकी सगळीकडं काळोख. साहेबांच्या जीपचा हॉर्न वाजला, आबा ओंजळ सोडून उठले, आबांच्या मागं लाइट पळाला आणि लाइटच्या मागं कॅमेरा. अंधार सरला तेव्हा पडद्यावर जीप होती, हार होते, साहेब होते, आणि वाकून वाकून हसणारे आमचे आबा होते. माझं कन्यादान तिकडं अंधारात बसलेलं.

मग स्टेज. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, सतरंजी टाकलेली. ती आमच्या बोहल्याला खेटूनच उभी होती. आबांनी साहेबांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. साहेबांनी माईक धरला आणि वधूवरांना आशीर्वाद द्यायचे सोडून कालव्याच्या पाटपाण्यावर बोलायला लागले. भाऊ खूश झाला. "ह्योच तुकडा घ्यायचा," म्हणाला.

मी तो तुकडा बघत नव्हते. मी पडद्याच्या डाव्या कडेला बघत होते. तिथं अर्धी आई होती.

जुन्या टीव्हीत चित्राच्या कडेची पट्टी त्या खोक्याच्या आत दबून जायची, हे मला पुढं एडिटिंगवाल्यानं सांगितलं. गावात तेव्हा आबांच्या कोपरापर्यंतच दिसलं होतं. या नव्या टीव्हीत काहीच दबत नाही, कडेपर्यंत सगळं येतं. म्हणून अर्धी का होईना, आई आली. एक डोळा, एक कान, अर्धं कपाळ, खांद्यावरून घेतलेला पदर. चित्र ओढलेलं असल्यामुळं माझी काटकुळी आई गोल दिसत होती, कधी नव्हे ती पोटभर जेवल्यासारखी. पण डोळा तिचाच होता. फोटोवाल्यानं काढलेला नव्हता. मला रडू आलं अन् आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

आणि मग माझ्या ध्यानात आलं, की ती ताठ बसलीय. चक्कर आलेलं माणूस असं बसत नाही. मांडीवर पाण्याचा तांब्या, तो दोन्ही हातांनी धरलेला, आणि नजर आबांच्या पाठीवर. ती नवरा परत येऊन ओंजळ धरायची वाट बघत होती. साहेब बोलतायत, बोलतायत. भटजींचा हात मधेच कडेला येतो, काहीतरी विचारून जातो. आईचे ओठ हलतात. तिनं हाक मारली असणार, माईकच्या आवाजात काय ऐकू येतंय? आबांनी वळून बघितलं नाही. त्यांनी डावा हात पाठीमागं नेला आणि बोटांनी खूण केली. ऊठ. परत एकदा केली. ऊठ म्हणतो ना.

आईनं त्या हाताकडं बघितलं. तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला आणि उठून चित्राबाहेर गेली. तिच्या जागी चुलतीचं लुगडं आलं.

"मागं घे," मी म्हणाले. भावानं मागं घेतलं. आम्ही परत बघितलं. भावजय सरबताचे पेले उचलायचे सोडून तशीच उभी राहिली.

"चक्कर आली व्हती म्हणं," मी म्हणाले.

भाऊ म्हणाला, "जाऊ दे अक्का. आता दोघंबी न्हाईत."

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. पोरीच्या हातावर पाणी सोडायला या माणसाला वेळ नव्हता, बरं नव्हता तर नव्हता, पण जोडी मोडते म्हणून बायकोलाही बोटांनी उठवलं, मुंग्या झटकाव्यात तसं. जनावराला सुद्धा माणूस तोंडानं हाकलतो. आणि त्याची लाज झाकायला आईनं स्वतःला चक्कर लावून घेतली. मला पोटच्या पोरीला सुद्धा खरं सांगितलं नाही. चुलतीचे टोमणे ऐकत राहिली, "उपास झेपत न्हाई तर धरावा कशाला" म्हणून. मरेपर्यंत त्या चक्करवर राहिली ती. आणि पॅनलमध्ये नाव? ते शेवटी दुसऱ्याचंच लागलं.

मी भावाला म्हणाले, "हा तुकडा एलईडीवर दाखव, माझी ना नाही. आबांची खूण लोकांना कळायची पण नाही. फक्त कड कापू नको. आई राहू दे. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिला एकदा बघू दे लोकांना."

भाऊ म्हणाला, "बरं."

मी परत विचारलं, "नक्की ना?"

"बरं म्हनलं की, अक्का."

पुण्यस्मरणाला मी आदल्या दिवशीच माहेरच्या गावी गेले. मंडप मोठा, खुर्च्या पांढऱ्या कापडाच्या, आबांचा फोटो दारातच. मी ओळखीच्या बायांना सांगत सुटले, आईला बघा हं, डाव्या अंगाला बघा. त्यातल्या दोघी-तिघींनी आईबरोबर खुरपलं होतं. एक म्हातारी तर चष्मा पुसून पहिल्या रांगेत येऊन बसली. साहेब आता थकले, त्यांचा मुलगा यायचा होता. त्याच्यासाठी कीर्तन लांबवलं, लांबवलं, महाराजांचा घसा बसला. तो आला तेव्हा फिल्म लागली.

आबा आले पडद्यावर. फेटा बांधताना, शाल घालताना. डावीकडं आबांचं कोपर होतं आणि कोपरापाशी चित्र संपत होतं. त्याच्या पलीकडं काही नाही. म्हातारीनं मला विचारलं, "कुटं हाय गं?" मी म्हणाले, "येईल." फिल्म संपली, टाळ्या झाल्या.

मला वाटलं, या पडद्यालाही जुन्या टीव्हीची खोड असेल. मी उठून मागं टेबलापाशी गेले. एडिटिंगवाला चाळिशीतला, शांत माणूस होता. मी विचारलं, तेव्हा त्यानंच मला ते पट्टी दबण्याचं समजावलं. म्हणाला, "पण ह्यात तसं न्हाई काकू. म्या चित्र फुल्लच ठेवलं व्हतं. दादा म्हनले, कडंला कोनतरी बाई मधीमधी येतीय, ती काढ."

भाऊ पांढऱ्या कपड्यांत साहेबांच्या मुलाला जेवायला चला म्हणत होता. मी त्याच्या दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कोणतरी बाई? आईला कोणतरी बाई म्हणालास?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "मग काय सांगू त्याला? आई हाय म्हनलं असतं तर त्यानं काढली नसती."

पंगत बसत होती. मी जेवले नाही.