निघताना 'कुठे' विचारू नये

स्कॉटलंडमध्ये ग्लेशियर नाही. हे मला आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. हजारो वर्षांपूर्वी होता, तो वितळला, आणि जाताना डोंगर खरवडून रुंद दऱ्या करून गेला. माझी मुलगी आणि नवरा एका रविवारी पाहायला गेले ती अशीच एक दरी आणि तिच्या टोकाला डोंगरात कोरलेली मोठी वाटी, जिथे तो बर्फ बसत असे. म्हणजे जे नाही ते पाहायला गेले. आमच्या घरात पुढे जे झालं त्याला हे शोभूनच दिसलं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरा एडिनबरातल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. मी आठवड्यातले तीन दिवस लायब्ररीत काम करायची. मुलगी पंधरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. आणि सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवऱ्याला मी एरवी अरे-तुरे करायची, पण त्या सहा महिन्यांत 'अहो' म्हणायची. अशा बऱ्याच गोष्टी मी त्या सहा महिन्यांपुरत्या करायची.

मुलीच्या शाळेने भूगोलाची सहल काढली होती. मिनीबसने डोंगरात जायचं, दोन रात्री हॉस्टेलमध्ये राहायचं आणि शिक्षकांबरोबर दरी चढून बर्फाच्या खुणा पाहायच्या. घरी फॉर्म आला. नवऱ्याने तो ऑपरेशनची संमती वाचावी तसा दोनदा वाचला आणि म्हणाला, "दोन रात्री, मुलगे-मुली एकत्र, वर डोंगर. सेफ नाही." सासूबाईंनी हात जोडले, देवालाच बहुधा. मी मान डोलावली. ती मान माझीच होती, कुणी धरून हलवली नव्हती, हे इथे लिहून ठेवते.

वर्गातले बाकीचे सगळे गेले आणि भाजलेली नाकं घेऊन परत आले. आमच्या मुलीने नऊ दिवस अबोला धरला. दहाव्या दिवशी बापाला पाझर फुटला. "मीच नेतो तुला," तो म्हणाला. "एका दिवसात जाऊन येऊ. अगदी सेफ."

मग त्याला त्या सहलीचं वेडच लागलं. मुलीने भूगोलाच्या शिक्षकांकडून डोंगरात जाताना घ्यायच्या काळजीची छापील यादी आणली. नवऱ्याने ती फ्रिजवर लावली आणि एकेक वस्तू आणून तिच्यापुढे खूण करायला सुरुवात केली. घोट्यापर्यंत येणारे बूट. नकाशा, कंपास. टॉर्च आणि जादा सेल. शिट्टी. संकटात सापडलात तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. माणूस आत शिरून बसू शकेल एवढी भगव्या प्लॅस्टिकची पिशवी. ती पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा फिरायला एवढं सामान? आम्ही सिंहगड चपलांवर चढलो." त्या वेळी मलाही हसू आलं होतं.

यादीतली शेवटची ओळ अशी होती, की आपण नेमके कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे सोबतच्या छापील फॉर्मवर लिहून एका जबाबदार माणसाकडे द्या. तिच्यापुढे खूण नव्हती. दोन-तीन दऱ्या त्याच्या मनात होत्या आणि कुठली घ्यायची ते तो सकाळी रेडिओवर हवामान ऐकून ठरवणार होता. "ठरलं की देतो लिहून," तो मला म्हणाला होता.

रविवारी सकाळी मी तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होते. तो जेवणघरात रेडिओ लावून बसला होता, नकाशा पसरून, काहीतरी लिहीत. ऑक्टोबरचा दिवस म्हणजे लहान, त्यामुळे सगळी घाई. मी डबा बांधून दाराशी आले तेव्हा सासूबाई दोघांच्या हातावर दही-साखर घालत होत्या. मुलगी म्हणाली, "बाय आजी, जाते मी." लगेच आजी म्हणाली, "जाते नाही गं, येते म्हणावं." मुलगी म्हणाली, "ओके, येते." नवऱ्याचा हात अनोरॅकच्या, म्हणजे पावसाळी जाकिटाच्या, आतल्या खिशाकडे गेला. मला वाटलं, किल्ली शोधतोय.

मी तोंड उघडलं. "अहो, कु..."

सासूबाईंनी दह्याच्या हाताने माझा दंड धरला. "निघताना 'कुठे' विचारू नये. एवढंही कळत नाही?"

ज्यांच्या घरी हे पाळत नाहीत त्यांना सांगते. घरातून कुणी बाहेर पडत असताना 'कुठे चाललात' असं विचारलं की काम होत नाही, अपशकुन होतो. माझी आईदेखील पाळायची. 'कुठे'च्या ऐवजी 'लांब का?' असं विचारायचं असतं. पण ते मला त्या क्षणी सुचलं नाही. मी एमएस्सी झालेली बाई, गप्प बसले. नवऱ्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. आईसमोर विषय वाढवायचा नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. "येतो," म्हणाला, आणि गाडी गेली.

सहापर्यंत येतील असं धरून मी स्वयंपाक केला. सात वाजले. आठ वाजले. सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा, रस्त्यात असतील, पोलीस कशाला?" मी अजून अर्धा तास थांबले. तो अर्धा तासही माझ्याच खात्यावर.

फोनवरचा पोलीस भला माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, कुठे गेलेत? मी म्हणाले, माहीत नाही. कुठल्या ग्लेनमध्ये, म्हणजे दरीत? माहीत नाही. काहीतरी सांगा, मॅडम. मी म्हणाले, जिथे पूर्वी ग्लेशियर होता तिथे. तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, पूर्वी सगळ्या स्कॉटलंडवरच बर्फ होता."

मी ते वाक्य कुणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून त्या भूगोलाच्या शिक्षकांचा नंबर मिळवला. त्यांनी चार दऱ्यांची नावं दिली. तिथल्या एकेका कार पार्कमध्ये आमची गाडी शोधायला माणसं गेली. गाडी तिसऱ्या दरीच्या तोंडाशी सापडली तेव्हा उजाडायला आलं होतं. माउंटन रेस्क्यूवाले वर चढले आणि साडेआठला त्यांना शिट्टी ऐकू आली.

झालं होतं ते एवढंच. दोघं वाटीपर्यंत नीट पोचले, पुऱ्या खाल्ल्या, मुलीने बापाला सगळं समजावून सांगितलं. उतरताना ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगातून वाट होती. पाऊस सुरू झाला, नवऱ्याचा पाय घसरून दोन दगडांत अडकला आणि घोटा मोडला. खालचा रस्ता चार मैलांवर. मुलगी म्हणाली, मी पळत जाऊन मदत आणते. उजेड होता, वाट दिसत होती. पण त्याने जाऊ दिलं नाही. एकटी मुलगी, सेफ नाही. मग ढग खाली आले आणि तो प्रश्नही मिटला. तिने त्याला भगव्या पिशवीत घातलं, स्वतः जेमतेम कमरेपर्यंत शिरली आणि शिट्टी वाजवत राहिली. मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. मी हॉस्पिटलात पाहिलं तेव्हा तिचे ओठ फुटून रक्त वाळलेलं होतं आणि आवाज पार बसला होता. घोटा पुढे सहा महिन्यांत बरा झाला. तिला न्यूमोनिया झाला, ती तीन आठवडे तापात होती.

पण पहिल्या दिवशी, वॉर्डमध्ये, बापाच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत ब्लँकेट पांघरून बसलेली ती मला बसक्या आवाजात म्हणाली, "आई, तू एवढी उशीर का केला?"

मला कळेना. मी म्हणाले, "अगं, मला माहीतच नव्हतं तुम्ही..."

"बाबा म्हणाले यू हॅड द पेपर. ऑल नाइट ते म्हणत होते, आईला माहीत आहे, आई फोन करेल. मी वाट बघत होती."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सलाइनच्या बाटलीकडे पाहत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना सलाइन लावलेला माणूस, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

आणि पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "मी दारातच अडवलं होतं रे हिला. तरी हिच्या तोंडून 'कुठे' गेलंच. म्हणून हे सगळं."

म्हणजे म्हातारीच्या लेखी मी विचारलं म्हणून अपघात झाला. मुलीच्या लेखी मला ठाऊक होतं आणि मी रात्रभर हातावर हात धरून बसले. दोन्ही खोटं आहे हे त्या खोलीत एकच माणूस सांगू शकत होता, आणि तो बाटलीतले थेंब मोजत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

नर्सने मला त्याच्या ओल्या कपड्यांची पिशवी दिली. घरी येऊन ती मी मशीनपाशी उपसली. अनोरॅकच्या आतल्या खिशात एक कागद होता. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, पावसाने शाई पसरू नये म्हणून. सुवाच्य कॅपिटल अक्षरांत दरीचं नाव, वाट, गाडी लावण्याची जागा, परतण्याची वेळ संध्याकाळी सहा. आणि सगळ्यांत खाली छापलेलं, 'हा कागद कोणाकडे दिला', त्यापुढे त्याने लिहिलं होतं: पत्नी.

मी तो कागद घेऊन त्याच्याकडे गेले. सासूबाई घरी होत्या, मुलगी दुसऱ्या वॉर्डमध्ये तापात. आम्ही दोघंच. मी म्हणाले, "हे तू दोघींना सांग. एकदाच सांग. मी विचारलं नव्हतं आणि तू दिलं नव्हतंस, एवढंच."

"तिला घाबरवायचं नव्हतं," तो म्हणाला. "कुणीतरी येणार आहे असं वाटायला हवं होतं तिला."

"ते ठीक आहे. त्या रात्रीपुरतं ठीक. आता सांग."

"आई जाऊ दे पुण्याला, मग बोलू. आत्ता कशाला?"

आई पुण्याला गेल्या. तिथे त्यांनी साऱ्या नातेवाइकांत माझा 'कुठे' वाटला. मी एकच अक्षर बोलले होते, पुण्यात पोचेपर्यंत त्याचं पूर्ण वाक्य झालं होतं. पुढच्या भेटीत चुलतसासूबाई मला म्हणाल्या, "शिकलेल्या मुली मुद्दाम करतात हो असं." नवरा शेजारी बसून श्रीखंड खात होता. त्याने अजून एक वाटी घेतली.

मुलीचं वेगळं. ती भांडली नाही, रडली नाही. घराबाहेर जाताना मात्र प्रत्येक वेळी कागदावर लिहून द्यायला लागली. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत. कागद माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "वाच मोठ्याने." मी वाचायची. "गुड," म्हणायची आणि जायची. विसराळू नोकराला काम समजावावं तसं. सात वर्षं मी तिचे कागद मोठ्याने वाचले. त्याखेरीज तिने मला स्वतःबद्दल काही सांगितलं नाही.

मी तरी तो कागद तिला का दाखवला नाही, असं कुणीही विचारेल. मी त्याची वाट पाहत होते. त्यानेच सांगावं. मी दाखवला असता तर बाप खोटा ठरला असता, आणि त्याने सांगितलं असतं तर नुसता चुकलेला ठरला असता. एवढी संधी मी त्याला दिली. सासूबाई वारल्या तेव्हा वाटलं, आता तरी. तेव्हा तो म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल कशाला? निघायच्या वेळी नाही, आजारपणात नाही, सणाला नाही, सुतकात नाही. त्याच्याकडे खरं बोलायचा मुहूर्त कधी निघालाच नाही.

मुलीला इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी, कम्प्युटरमध्ये नोकरी लागली. जायच्या दिवशी तिने दारात मला कागद दिला. नवा पत्ता, ऑफिसचा फोन, ट्रेनची वेळ. मी मोठ्याने वाचला. "गुड," ती म्हणाली. नवरा कौतुकाने हसत होता. "बघ, किती सेफ्टी-कॉन्शस झालीय," तो म्हणाला. "माझ्यावर गेली."

मी स्वयंपाकघरात गेले. ड्रॉवरमधून ते प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवलं आणि डबा तिच्या हातात दिला.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. मुलीचा होता. ती म्हणाली, "आई, बाबांना दे."

तो हॉलमध्ये उभा राहून ऐकत होता. हं म्हणाला, पुन्हा हं म्हणाला, एकदा "तसं नाही बेटा" म्हणाला. फोन ठेवून माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता बोलेल.

"पोर नव्या जागी निघालेली," तो म्हणाला. "निघताना हे करायची काय गरज होती?"