कोयती खुंटीला

भावाने मला दुकानाचा इतिहास लिहून मागितला होता, दहा ओळींत. काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायचा म्हणाला. मी म्हटलं, दहा ओळींत आमच्याकडे फुटलेली डोकीसुद्धा मावायची नाहीत. तो हसला. चौकट त्याने आधीच आणून ठेवली होती. ती अजून रिकामी आहे.

दुकान माडीचं. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की रस्त्यालगत लागतं. आजोबांनी ते काढलं तेव्हा वर नुसती माडाच्या पात्यांची झापं होती आणि खाली सारवलेली जमीन. आजोबा स्वतः माडावर चढत, फुलोऱ्याची पोय छेदून मडकं बांधत आणि उतरवलेली माडी विकायला बसत. माडी सकाळी गोड, दुपारी आंबट आणि संध्याकाळी भांडकुदळ, असं ते म्हणायचे. पिणारे सगळे बागेतले. प्रत्येकाच्या कमरेला लाकडाची आकडी आणि आकडीत कोयती. आमच्याकडचा पुरुष एकवेळ चप्पल विसरेल, कोयती विसरायचा नाही.

त्या कोयतीनेच पहिलं रक्त सांडलं. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून दुकानात दोघांची जुंपली. एकाचा कान गालावर लोंबकळत राहिला आणि दुसरा उंबऱ्यातच गेला. आजोबांनी सारवलेली जमीन खणून काढली, नवीन माती घातली, पुन्हा सारवली. मग फणसाची एक जाड फळी आणली, तिला ओळीने खुंट्या ठोकल्या आणि ती बाहेर पडवीत बसवली. कोयती खुंटीला, मग पेला हाताला. ज्याला हे पटत नसेल त्याने घरी ताक प्यावं.

हळूहळू ज्याची त्याची खुंटी ठरून गेली. माणूस मेला की त्याची कोयती तेराव्यापर्यंत तिथेच टांगलेली राहायची. मग मुलगा येऊन ती उतरवायचा आणि स्वतःची अडकवायचा. दुसऱ्याच्या कोयतीला कोणी बोट लावत नसे. दुसऱ्याची बायको पळवली तर गाव एकवेळ बैठक बोलावेल, कोयती उचलली तर बैठकीची वाट कोणी बघणार नाही.

बाबांच्या काळात मारामाऱ्या थांबल्या असं नाही. बाकडी मोडली, पेले फुटले, एकाचे पुढचे दात माझ्या आईला केर काढताना सापडले. बाबा गल्ल्यापाशी बांबू ठेवत आणि वापरतही. एकदा गावातल्या बायका झाडू, मुसळं घेऊन दुकानावर चालून आल्या आणि सगळी मडकी फोडून गेल्या. आई त्यांच्यात पुढे होती. पहिलं मडकं तिनेच फोडलं आणि घरी येऊन बाबांना गरम भाकरी वाढली. बाबाही निमूट जेवले. मी अशा घरात वाढले, तेव्हा माझ्या तोंडाला धार आहे याचं कोणाला नवल वाटू नये. पण त्या सगळ्या वर्षांत जे रक्त आलं ते नाकातोंडाचं. लोखंडाने काढलेलं रक्त पुन्हा आलं नाही, कारण लोखंड पडवीत होतं.

भाऊ माझ्याहून धाकटा, बोटीवर नोकरीला. जगात कुठेही असला तरी शिमग्याला हजर, कारण गावच्या नमनाच्या खेळात मृदंग त्याचा. लहानपणापासून त्याला दुसरं काही नको असायचं. जेवताना ताटावर बोटं वाजवायचा आणि आईचा धपाटा खायचा. त्याच्या उजव्या हाताची थाप मी झोपेतही ओळखली असती. त्याच्यासोबत झांज वाजवायला शेजारच्या वाडीतला एक जण असे. दोघं एकाच वर्गात नापास झालेले, एकमेकांवाचून पान न हलणारे. त्याला मी इथे झांजवाला म्हणते, कारण त्याचं नाव मी घेत नाही.

बोटीवरची नोकरी सोडून भाऊ कायमचा घरी आला आणि दुकान त्याने हातात घेतलं. इंग्लंडात बोट लागली असताना त्याने तिथल्या एका खेड्यातला पब पाहिला होता. त्याचे फोटो तो ज्याला त्याला दाखवायचा. काळ्या तुळया, भिंतीवर विळे, घोड्यांचे नाल, लगाम आणि चौकटीत त्या पबचा इतिहास. "ताय, त्यांनी जुना जपलाय नि लोक लांबून बघायला येतात. आपल्याकडं काय कमी हाय?" मग फरशी आली, दिवे आले आणि फणसाची फळी पडवीतून निघून आत गल्ल्यामागच्या भिंतीवर चढली, खुंट्यांसकट, आणि रिकाम्या खुंट्यांना घरातल्या चार कोयत्या लागल्या.

मी भांडले. तिथले विळे म्हातारे होऊन भिंतीवर चढलेत, आपल्या कोयत्या सकाळी बागेत होत्या, असं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आपल्या कोयत्या बाहेर ठेवतील, ह्या नुसत्या शोभेच्या." बाबांकडे बघितलं तर ते म्हणाले, दुकान आता त्याचं. माझं मेलीचं कोण ऐकतो!

आणि व्हायचं तेच झालं. आमची माणसं आपली खुंटी सोडतात होय? दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, पडवीत क्षणभर घुटमळलं, मग कोयतीसकट सरळ आत शिरलं, गल्ल्याला वळसा घालून गेलं आणि आपल्या खुंटीला कोयती लावून बाकड्यावर बसलं. पाठोपाठ बाकीचे. पर्यटक फोटो काढू लागले. भाऊ खूश झाला. मी दुकानाच्या चुलीवर बांगडे तळता तळता भिंतीवरच्या कोयत्या मोजत होते.

आंबा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. झांजवाला आणि त्याचा चुलतभाऊ, दोघांच्या बागांमध्ये एक गडगा. चिऱ्यांचा तो बांध चुलतभावाने रातोरात सरकवला आणि हापूसची दोन कलमं आपल्याकडे घेतली, असं झांजवाल्याचं म्हणणं. माडी संध्याकाळची होती. आधी आवाज चढला, मग आया-बहिणी निघाल्या. चुलतभावाने पेला त्याच्या कपाळावर फोडला. झांजवाला रक्त पुसत उठला. पूर्वी असता तर त्याला पडवीपर्यंत जावं लागलं असतं, वाटेत चार जणांनी कवळा घालून अडवलं असतं, बाबांनी बांबू काढला असता. आता दोन पावलांत त्याने गल्ल्याला वळसा घातला आणि फक्त हात वर केला. कोयती तिथेच होती.

भाऊ गल्ल्यामागून मध्ये आला. "अरे मेल्या, ठेव ती!" एवढंच ओरडला आणि उजवा हात पुढे केला. वार चुलतभावाच्या मानेवर होता. तो भावाच्या पंज्यावर बसला. फांदी तोडताना होतो तसाच आवाज झाला, ओल्या लाकडाचा. तीन बोटं नव्या फरशीवर पडली.

मी बांगडे तळत होते. तवा उचलला आणि गरम तेलासकट झांजवाल्याच्या डोक्यात घातला. तो कोसळला. चुलतभाऊ उडी मारून पळाला. मी तवा पुन्हा उचलला, त्याला मारूनच टाकायला. आजही खोटं बोलणार नाही, मला त्याचं डोकं चेचायचं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड तेवढी घट्ट असेल असं मला वाटलं नव्हतं.

बोटं बर्फात घालून नेली. डॉक्टरांनी बघितली आणि मान हलवली. शुद्धीवर आल्यावर भाऊ पहिलं वाक्य बोलला ते मला. "ताय, येत्या नमनाला मृदंगावर कोणाला बसवायचा?" मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

तो घरी यायच्या आत बाबांनी पहार घेऊन फळी भिंतीतून उचकटली. ती खाली आपटून निम्मी फरशी फुटली. फळी पुन्हा पडवीत बसली. झांजवाल्याची खुंटी रिकामी, त्याची कोयती पोलिसांकडे. गल्ल्यावर भाऊ बसू लागला, डाव्या हाताने माडी ओतायला शिकला, सांडायला शिकला.

शिमग्याच्या तोंडावर झांजवाला जामिनावर सुटून आला. भर दुपारी अंगणात उभा. डोक्यावर तेलाने भाजलेला चट्टा, तिथे केस नाहीत. बाकड्यांवरच्या माना वळल्या. मी तवा घेऊन दारात गेले. भाऊ म्हणाला, "ताय, थांब," आणि पडवीत आला.

झांजवाला आपल्या खुंटीकडे बघत म्हणाला, "आत येव काय रे? माज्याकडं आता कोयती नाय. अडकवू काय?"

भावाने आपला उजवा हात त्याच्यासमोर धरला. अंगठा आणि करंगळी, मध्ये काही नाही.

"हात अडकव," तो म्हणाला, "नि मग ये."

झांजवाल्याने उजवा हात वर केला, खुंटी मुठीत धरली आणि तसाच उभा राहिला. लोक येत गेले. त्याच्या मुठीच्या दोन्ही बाजूंना आपापल्या कोयत्या अडकवून आत जात राहिले. एकाचं पातं त्याच्या बोटांना लागलं, रक्त आलं, त्याने मूठ सोडली नाही. ऊन पडवीतून उतरलं. त्याचा दंड थरथरत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

शेवटी भाऊ आतूनच म्हणाला, "बस झाला. ये."

तो आला आणि आपल्या जागेवर बसला. त्याला हात खाली घेता येईना. पेला धरता येईना. भावाने तो डाव्या हाताने त्याच्या ओठाला लावला, अर्धी माडी दोघांच्या सदऱ्यावर सांडली, आणि दोघंही पोरांसारखे हमसून रडायला लागले.

मी त्याला माफ केलेलं नाही. तो आता रोज येतो, आत शिरण्याआधी रिकामी खुंटी मुठीत धरून क्षणभर थांबतो, आणि मी त्याला बांगडा वाढते. तवा मात्र हातातच असतो.