दर बुधवारची काळी गाडी

नोकरीतल्या बऱ्याच केसेसची कलमं आता डोक्यातून गेली. पण ती काळी गाडी आणि त्या बुधवारची दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या दिवशी एका सरळ माणसाला मी अशा कलमाखाली आत टाकणार होतो, ज्यात जामीन मिळता मिळत नाही. टाकलं नाही, म्हणून आज निवांत बसून हे लिहितो आहे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आलापल्लीच्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. अशा ठाण्यात अनोळखी गाडी दोनदा दिसली तरी तिची नोंद होते. एका सकाळी फाट्यावर चहाची टपरी चालवणारा आमचा खबरी आला आणि दार लावून घेऊन बोलू लागला.

"साहेब, एक काळी मोठी गाडी हाय. दर बुधवारी दुपारी येते सन्नाट पळत. माह्या टपरीपुढून गोल फिरते अन् वापस जाते. कोनी उतरत नाई, कोनी चढत नाई. चहा बी पेत नाई."

"चहा पीत नाही, ही तक्रार आहे का तुझी?"

"मजाक नोका करू साहेब. या रस्त्यानं बिनकामाचा कोनी येते का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या रस्त्यानं बिनकामाचं कोणी येत नाही. नंबरवरून मालक काढला. तालुक्याच्या गावात धानाची राईस मिल चालवणारा, पन्नाशीचा माणूस. परदेशी बनावटीची, चारही चाकांना जोर असलेली डिझेल गाडी त्यानं वर्षभरापूर्वी नागपुरातून जुनी घेतली होती. तशी गाडी आमच्या भागात कोणाकडे नव्हती. जंगलातल्या नक्षल मंडळींना व्यापाऱ्यांकडून पैसा पोचतो, हे आम्हाला माहीत होतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, न थांबता फेरी. माझ्या मनात चित्र पक्कं झालं.

पुढच्या बुधवारी नाकाबंदी लावली. माझे हवालदार याच भागातले, माझ्याच वयाचे. थोड्या वेळानं वायरलेसवर त्यांचा आवाज आला.

"साहेब, म्या थांब म्हणून हात केला. त्यानं बी हात केला, हासला, अन् निघून गेला!"

परत येताना रस्त्यावर बॅरिकेड आडवे लावून त्याला थांबवलं. मी गाडीजवळ गेलो तर खालून वीटभट्टीसारखी धग लागत होती आणि जळका वास येत होता. काहीतरी जाळून आला आहे, असं वाटलं. पंचांसमोर झडती घेतली. एक दोर, पाण्याची बाटली, समोरच्या कप्प्यात कागदपत्रं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक. बाकी काही नाही. गाडी ठाण्याच्या आवारात लावली आणि त्याला माझ्यासमोर बसवलं.

"दर बुधवारी कुठं जाता?"

"मावशीकडं जी." त्यानं पुढच्या एका गावाचं नाव सांगितलं.

हवालदार पाठीमागून म्हणाले, "ते माह्या सासऱ्याचं गाव. कोन्या आळीत रायते मावशी?"

मावशी तिथंच संपली. मग म्हणाला, जमीन पाहायला जातो. कोणाची जमीन? सर्व्हे नंबर? तर देवदर्शनाला जातो म्हणाला. नोकरीत मी शिकलेली एक गोष्ट अशी, की सराईत माणूस एकच खोटं सांगतो आणि त्यावर ठाम राहतो. हा दर पाच मिनिटांनी नवीन सांगत होता. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा अर्थ उलटा लावला. वाटलं, आता फुटेल.

तोपर्यंत वरून दोनदा फोन आला होता. "संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करून कळवा." बंदी घातलेल्या संघटनेला मदत, हे कलम. एकदा ते लागलं की माणूस वर्षानुवर्षं आत, मिलला कुलूप, घराला डाग. त्याची बायको खबर लागताच बसनं ठाण्यात आली होती. बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती, काही विचारतही नव्हती. तेही मला खटकलं.

मोबाईल तपासला. दर बुधवारी निघण्याआधी आणि परतल्यावर चंद्रपूरच्या एकाच नंबरला फोन. त्यालाच तो नंबर लावायला सांगितला, स्पीकरवर.

पलीकडून दणदणीत आवाज आला, "बोला भाऊ! किती पळवली आज? मधात कुठी थांबले तं नाई ना?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन हातात घेतला. "कोण बोलतंय?"

"मी मिस्त्री. तुमी कोन?"

"पोलीस ठाण्यातून बोलतो."

"गाडी ठोकली का जी भाऊनं?"

त्यानंतर त्या मिस्त्रीनं जे सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. "साहेब, या नव्या डिझेल गाड्यायच्या धुराच्या नळीत एक जाळी रायते. ते काजळी धरून ठेवते. गाडी लंबी चालली का जाळी तापते अन् काजळी आपोआप जळून जाते. भाऊची गाडी घर ते मिल, मिल ते घर. दीड किलोमीटर! गरमच होत नाई. जाळी भरते, समोर पिवळा दिवा लागते. नवी जाळी टाकाची तं जुना ट्रॅक्टर येईल येवढा खर्च. म्हणून म्या सांगतलं, हप्त्यातून एक डाव अर्धा-पाऊण घंटा एका दमात पळवा. मधात थांबलं का काम अर्धवट रायते."

मी फोन ठेवला. समोरचा माणूस मान खाली घालून बसला होता.

"हे खरं आहे?"

"हो जी. बुधवारी मिल बंद रायते. अन् याच रस्त्यावर नवं डांबर हाय, गतिरोधक नाई."

"नाक्यावर का नाही थांबलात?"

"अर्धी फेरी राह्यली होती जी."

"मग इतका वेळ हे सांगितलं काऊन नाही?" मीही त्याच्याच बोलीवर आलो.

"कसं सांगू साहेब? गाडी घेताना समद्यायनं ना म्हनलं होतं. साळा तं चारचौघांत म्हने, भाऊजी हत्ती घेऊन राह्यले, चारा कुठून आनान? आता लोकायले समजलं का मी काजळी झाडाले जंगलात जातो, तं गावात तोंड दाखवाले जागा नाई."

"अन् जेलात दाखवनार होते का?" हवालदार खेकसले. पण त्यांच्याही आवाजात आता धार नव्हती.

मिस्त्री पढवलेला असू शकतो. मी गाडीतलं ते जाड पुस्तक मागवलं, ते गाडीचंच माहितीपुस्तक होतं. प्लास्टिक फोडलेलंही नव्हतं. मालक म्हणाला, "इंग्रजीत हाय जी, कोन वाचते?" मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आई-वडील अंगठा लावत. इंग्रजीची धास्ती होती म्हणूनच हट्टानं वाचायला शिकलो, आणि हे सांगायला मला आजही कमीपणा वाटत नाही. अनुक्रमणिका काढली, बोट ठेवून पान वाचलं. मिस्त्रीनं झाडीपट्टीच्या बोलीत सांगितलं तेच तिथं छापलेलं होतं. पिवळ्या दिव्याचं चित्रसुद्धा.

मग म्हटलं, चला, दाखवा. मी पुढे बसलो, हवालदार मागे. चावी फिरवली आणि पिवळा दिवा लागलेलाच होता, कारण त्याची फेरी आम्हीच अर्ध्यात मोडली होती. गाडी रस्त्याला लागली. पंधरा मिनिटं गेली, दिवा तसाच. टपरी आली, वळलो, खबरी तोंड वासून पाहत राहिला. परतीच्या वाटेवर नाला ओलांडला आणि दिवा गेला. कसला आवाज नाही, काही नाही. नुसता गेला.

हवालदारांनी मागून टाळी वाजवली. साहेबांना फोन करून सविस्तर सांगितलं, थोडी बोलणी खाल्ली, आणि स्टेशन डायरीत लिहिलं: चौकशी केली, संशयास्पद काही आढळले नाही. त्या ओळीखाली सही करताना जितकं सुटल्यासारखं वाटलं, तितकं मोठमोठे गुन्हे उघडकीस आणूनही कधी वाटलं नव्हतं. नाक्यावर न थांबल्याचा दंड मात्र घेतला.

गाडीमालक बाहेर गेला. बायको उठून उभी राहिली. मी दारातच होतो. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात तो स्वतःच बोलला, सगळं, जाळी, काजळी, पिवळा दिवा. ऐकता ऐकता ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. रडते आहे असं वाटलं, तर हसत होती. हसता हसता रडत होती.

"मी तं समजत होती, तुमी तिकडं दुसरं घर केलं! चार महिने झाले, जेवन गोड लागत नाई मले. अन् तुमी गाडीची जाळी जाळून राह्यले?"

तो माणूस आधी कावराबावरा झाला. मग त्यालाही हसू फुटलं. लोक हसतील या भीतीनं तो जेलच्या दारापर्यंत आला होता. पहिलं हसू घरचंच निघालं आणि त्याला काही झालं नाही. दोघांनी तिथंच बाकावर डबा उघडला. हवालदारांनाही बोलावलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की मी कागद बाजूला सरकवायचो आणि आधी विचारायचो, "हे घरी माहीत आहे का?" पुष्कळदा माणूस कायद्यापासून लपत नसतो. तो बायकोपासून, साळ्यापासून, शेजाऱ्यापासून लपत असतो, आणि वाटेत आम्ही पोलीस आडवे येतो.