इंदूचं पुढं काय झालं

मोतीबाईचं नाव काढलं की अजून माझ्या पोटात दुखतं. खरं ते सांगते, लाजायचं कशाला? टीव्ही माझा. आमच्या ह्यांनी खोपोलीच्या कारखान्यातून बोनस मिळाला तवा आनलेला, शटरवाला, गावातला पयला. दर मंगळवारी माझी पडवी बायकांनी भरायची. मोतीबाई म्हशीची धार काढून उशिरा यायची आन दाराशीच बूड टेकायची. नवरा ऐन तरनेपनी गेलेला, एका पोराला तिनं शेतात राबून वाढवला. गरीब बाई, मला तिची कीव यायची.

तवा एक सिरियल लागायची. इंदू नावाची बाई, दिरानं घराबाहेर काढलेली, पिठाची गिरनी चालवून पोट भरते. आमी सगळ्या तिच्यापायी रडायचो. एका मंगळवारी इंदू सासरचं दार वाजवते, आतून कडी निघते, आन तिथंच संपलं. पुढच्या मंगळवारी त्या टायमाला काय, तर शेतीच्या कार्यक्रमातली भेंडीवरची कीड! सिरियल बंद केली म्हनं, कुनी बघत नाय. मुडदा बशिवला त्यांचा, आमी काय मानसं नाय?

आवनीचे, भातलावनीचे दिवस व्हते. आमच्यातल्या सोमीनं चिखलात वाकल्या वाकल्या इचारलं, कडी कुनी काढली असंल गं? मोतीबाईनं रोपं लावता लावताच सांगितलं, जावेनं. आन सुरूच झाली. जाऊ काय बोलली, दीर कसा धावून आला, सगळं डोळ्यांनी बघितल्यागत. बांध आला की थांबायची, बाकीचं उद्या. झालं, बायका तिच्या मागं. मोतीबाई नसली तर माझ्या शेतात आवनीला कुनी येईना. मग तिलाच बोलवावं लागलं. मी बांधावर रोपांच्या जुड्या सोडत बसायची आन कान तिकडं. माझ्या टीव्हीवर बघितलेली गोष्ट मला माझ्याच शेतात चोरून ऐकायची पाळी आली! जळफळाट नाय व्हनार तर काय?

मंगळवारी पडवीत मी आन टीव्ही.

पुढं तिच्या पोराला नोकरी लागली, त्यानं शेलूला खोली घेतली. मोतीबाईनं म्हैस इकली, घराला कुलूप घातलं. इंदूचा निकाल लागायचाच व्हता. टेंपोत भांडी भरत व्हते तवा मी मान खाली घालून गेले. इचारलं, "इंदूला घर मिळतं का गं?"

"मिळतं, वयनी. पन ती तिथं ऱ्हात नाय. जावेच्या हातात किल्ली देते आन गिरनीवर परत जाते."

एवढंच. मला एकटीला सांगितलं. मी हरकून गेले. मंगळवारी बायकांना सांगावा धाडला, शेवट मला ठाव हाय. पडवी कशी भरली! मी शब्दाला शब्द सांगितलं.

 तर बायकांतली कोंडी म्हनाली, "नाय गं वयनी. मोतीबाई असं नाय करायची."

मी पोराची शपथ घेतली, तरी पटंना. माझ्याच पडवीत बसून, माझ्याच देखत ठरवलं त्यांनी, रविवारी शेलूला जायचं आन तिलाच इचारायचं.